वारली भित्तिचित्रे : घरातली आणि चव्हाट्यावरची

अलीकडे आमच्या ठाणे जिल्ह्यात भिंत कोरी ठेवणे हा जणू अपराध ठरू लागला आहे. पुलाचा खांब, शाळेचे कुंपण, रेल्वेच्या जिन्याची बाजू, उद्यानाचा कठडा, जेथे म्हणून रंग टिकेल तेथे चित्र उमटू लागले आहे. आणि या चित्रांत वारली चित्रांचा भरणा फार मोठा असतो. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसून महागणपतीच्या दर्शनास टिटवाळ्याला निघालेल्या कुटुंबातील लहान मूलही आता ही चित्रे ओळखते. एकावर एक टेकलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड, वर एक टिंब म्हणजे डोके, काड्यांसारखे हातपाय; आणि अशा माणसांचे एक गोल रिंगण. एखादे झाड, एखादी झोपडी, एखादा मोर. आठ दिवसांत शंभर हात भिंत सजते, आणि येणारे-जाणारे ‘किती छान’ म्हणून पुढे जातात.

आमची तक्रार भिंती रंगविण्याबद्दल नाही. पानाच्या पिचकाऱ्यांनी माखलेल्या भिंतीपेक्षा वारल्यांचा नाच केव्हाही बरा. परंतु ज्या कलेला तिचा काळ, तिची जागा आणि तिचे मानकरी होते, ती कला निव्वळ बेलबुट्टी होऊन बसली, तर तिच्या रसिकांनी एवढे तरी विचारले पाहिजे की घरातली ही भिंत चव्हाट्यावर आणताना आपण बरोबर काय आणले आणि मागे काय टाकले. टिटवाळ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोचतो. कारण या गावाचा आणि वारल्यांचा एक जुना संबंध आहे. त्याकडे आम्ही शेवटी येणारच आहोत.

प्रथम मूळ भिंत पाहू. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारल्याचे जुने घर कारवीच्या कुडाचे असते. त्यावर माती व शेण यांचा लेप, आणि लेपावर गेरू. घरास खिडक्या नाहीत म्हटले तरी चालेल. आत भर दुपारीही अंधार असतो. अशा घरात लग्न निघाले म्हणजे आतल्या भिंतीवर चौक लिहावयाचा. तो लिहिण्याचा मान सुवासिनींचा. तांदूळ वाटून केलेले पांढरे पाणी हा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. मध्यभागी चौकोन, त्याच्या चारही बाजूंना वेलीसारख्या, साखळीसारख्या, दातेरी रेषांच्या पट्ट्या एकीबाहेर एक, आणि आत पालघट देवी. शेजारी सूर्य, चंद्र, फणी, शिडी. निराळ्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणत असते आणि देवांना पाचारण करीत असते. हा लग्नचौक लिहिला गेल्यावाचून लग्न लागत नाही.

या वर्णनातील एकेक गोष्ट कलेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिली गोष्ट अशी की हे चित्र अंधारातले आहे. गेरूच्या काळसर तांबड्या पृष्ठावर तांदळाची पांढरी रेघ दिव्याच्या उजेडात मंद चकाकते. तिची सारी शोभा त्या चकाकण्यात आहे. दुसरी गोष्ट, ते पाहण्यासाठी लिहिलेले चित्रच नव्हे. ते देवीला बसावयास दिलेले आसन आहे. पाहणारा येवो अथवा न येवो, देवी आली म्हणजे चित्राचे काम झाले. आणि तिसरी गोष्ट, ते टिकण्यासाठी नाही. पावसाळ्यात कूड ओलावतो, लेप सुटतो, पुन्हा सारवण होते, आणि पुढचे लग्न निघेपर्यंत भिंत पुन्हा मोकळी होते. मूळ चित्र नाहीसे होते, पण हात शिल्लक राहतो. आईच्या शेजारी बसून काडी धरलेली मुलगी उद्या दुसऱ्या घरी जाऊन चौक लिहिते. आमच्या सुशिक्षित मनाला कलाकृती म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू वाटते. वारली बायकांच्या हिशेबी जपावयाची गोष्ट म्हणजे लिहिण्याची रीत होती.

या भिंतीवरून चित्र कागदावर उतरले ते १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. ते उतरविण्यात भास्कर कुलकर्णी यांचा मोठा हात होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा विक्षिप्त आणि निःस्पृह चित्रकार पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून बिहारच्या दुष्काळात मिथिलेस गेला होता आणि तेथील स्त्रियांच्या हाती त्याने कागद दिला होता. पुढे तोच कागद घेऊन तो डहाणूकडे आला. मिथिलेतल्या बायकांनी कागद उचलला. येथल्या बायका संकोचल्या. लग्नावाचून चौक कशाला लिहावयाचा, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी बिनतोड होता. त्या वेळी पुढे आला तो जिव्या सोमा म्हसे.

जिव्या म्हशांचे चरित्र आता पुष्कळांस ठाऊक आहे. १९३४ चा जन्म. सात वर्षांचा असता आई गेली, आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणेच बंद झाले. मनातले सांगावयाचे तर तो धुळीत बोटाने रेघा ओढी. पुढे गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर त्याचा संसार झाला. बायकांचे काम म्हणून समाज ज्याकडे पाही ते काम हा पुरुष रोज करू लागला. लग्नासाठी नव्हे, केवळ आवड म्हणून. १९७५ साली मुंबईत केकू गांधी यांच्या शेमोल्ड गॅलरीत त्याचे प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या ‘पृथ्वीचे जादूगार’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली, आणि २०११ साली पद्मश्री आली. २०१८ साली तो वारला. ही जंत्री येथेच थांबवतो. मानसन्मानांच्या यादीने चित्र कळत नाही.

चित्र कळावयाचे तर म्हशांचे मासळीचे जाळे पाहावे. हा विषय त्यांनी अनेकदा हाताळला. पटाचा फार मोठा भाग जाळ्यानेच व्यापलेला असतो. होडी, कोळी, मासे ही सारी मंडळी कडेला, लहान, जवळजवळ विसरल्यासारखी. जाळ्याचे शेकडो डोळे एकेक करून हाताने ओढलेले. आणि त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नाही. कोठे ते ताणलेले, कोठे सैलावलेले, कोठे पाण्याच्या ओढीने एका अंगास झुकलेले. पाणी कोठेही रंगविलेले नसते, तरी ते दिसते. हे सामर्थ्य कोठून आले? आमच्या मते ते चौकाच्या चौकटीतून आले. एका बाहेर एक पट्ट्या ओढीत जाण्याचा, पुनरुक्तीने भिंत जिवंत करण्याचा जो सराव बायकांच्या हाताला होता, तोच येथे देवीचे आसन सोडून समुद्रात उतरला आहे. म्हशांनी विधी सोडला, पण विधीने शिकविलेले भान सोडले नाही. त्यांच्या कापडावरही शेणाचा अथवा गेरूचा लेप असे. चित्रपट पॅरिसला गेला तरी त्याच्या पाठीशी कूडच होता.

तारप्याच्या नाचाचेही तसेच. नाचणारे हातात हात गुंफून तारपकऱ्याच्या मागोमाग जातात. ते जसा वळेल तसे वळतात आणि तारप्याकडे पाठ करीत नाहीत. त्यामुळे होणारी आकृती मिटलेले वर्तुळ नसते; तिचे एक टोक मोकळे असते आणि ती आत आत गुंडाळत जाते. म्हशांच्या चित्रात ते मोकळे टोक नेमके दिसते, आणि पाहणाऱ्याची नजर तेथूनच आत शिरते. आता आमच्या शहरी भिंतींवरील नाच पाहा. बहुधा ते कंपासाने आखलेले बंद रिंगण असते. मध्ये तारपेवाला घड्याळाच्या काट्यासारखा उभा. सारी माणसे एकाच साच्यातून काढलेली, सारखी उंच, सारखी वाकलेली. साचा लावून फवारा मारला की झाले. दोन त्रिकोण घेतले म्हणजे वारली चित्र झाले असे समजणे म्हणजे काना-मात्रा गिरवल्या की ओवी झाली असे समजण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल की म्हशांनीही परंपरा मोडलीच ना? मग शहराने मोडली तर बिघडले काय? आक्षेप रास्त आहे. परंपरा मोडण्यास आमची हरकत नाही. ती ज्याने मोडली त्याला ती आधी येत होती काय, एवढेच आम्ही विचारतो. आणि म्हशांच्या मोडण्यातही एक किंमत चुकती झाली, तीही सांगितली पाहिजे. चित्र कागदावर आले तेव्हा ते विकत घेण्याजोगे झाले, त्याखाली सही आली, आणि सही आली ती प्रायः पुरुषांची. आज वारली चित्रकार म्हणून ज्यांची नावे सुशिक्षितांस ठाऊक आहेत त्यांत स्त्रिया किती थोड्या! जिने चौक लिहिला तिने नाव लिहिले नव्हते. चौकाला नावाची गरजच नव्हती. पण ज्या बाजारात नावावाचून मोल नाही त्या बाजारात ती आपोआप मागे पडली. यात कोणा एकाचा दोष नाही. पण २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आनंद मानताना, ज्या हातांची ही कला ते हात कोठे आहेत, हे विचारणे आम्हांस आवश्यक वाटते.

आता सहकार्याच्या गोष्टी. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या म्हसे यांचे एकत्र प्रदर्शन झाले. त्यापूर्वी लाँग वारल्यांच्या मुलखात येऊन राहिला होता. हा गृहस्थ चालतो, आणि चालण्यालाच कला म्हणतो. रानात दगडांची रांग वा वर्तुळ मांडून पुढे जातो, आणि कधी ओंजळीने चिखल घेऊन दालनाची भिंत लिंपतो. मातीची भिंत दोघांच्याही ओळखीची. म्हणून जोडी जमली. तरी दोघांच्या वाटा शेजारून गेल्या, एकमेकींत मिसळल्या नाहीत, आणि आमच्या मते हे ठीकच झाले. एकाने दुसऱ्याच्या पटावर रेघ ओढली असती तर जगाला कौतुक वाटले असते, पण दोघांचीही रेघ बिघडली असती.

याहून फलदायी सहकार्य गंजाडातच घडले. ‘वॉल आर्ट प्रोजेक्ट’ या जपानी संस्थेने शाळेच्या भिंती हाच प्रदर्शनाचा पट मानून २०१० साली बिहारमधील सुजाता गावी महोत्सव आरंभिला आणि पुढे तो गंजाडलाही आणला. बाहेरून आलेले चित्रकार आणि गावचे चित्रकार वर्गखोल्यांच्या भिंती रंगवितात, मुले आजूबाजूला वावरत असतात, आणि प्रदर्शन पाहण्यास गावच्या लोकांना शहरात जावे लागत नाही. आमच्याकडे प्रदर्शन म्हणजे काळ्या घोड्याजवळचे थंड दालन असा जो समज आहे त्याला हा चांगला उतारा होय.

गौरी गिल या दिल्लीच्या छायाचित्रकार २०१३ च्या आरंभी शाळेतील अशाच कामानिमित्त गंजाडला आल्या आणि राजेश वनगड या वारली चित्रकाराच्या घरी राहिल्या. त्यांनी त्या मुलखाची छायाचित्रे घेतली. पण घेतल्यावर त्यांना वाटले की वनगड ज्या कथा सांगत होते त्यांतले काहीच या छायाचित्रांत उतरलेले नाही. डोंगर दिसतो, डोंगराचा देव दिसत नाही. माळ दिसतो, माळावर काय घडले ते दिसत नाही. तेव्हा ती कृष्णधवल छायाचित्रे त्यांनी वनगडांच्याच हाती दिली, आणि वनगडांनी शाईच्या बारीक रेघांनी त्यांवर न दिसणारे सारे लिहून काढले: पूर्वज, देव, जनावरे, गावावर आलेली संकटे. पुष्कळदा छायाचित्रात वनगड स्वतः उभे असतात, आणि त्यांच्याभोवतीच्या आकाशात व जमिनीत त्यांच्याच हाताने लिहिलेली लहान लहान माणसे दाटलेली असतात. ही चित्रमाला २०१७ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात जगापुढे आली.

हे काम आम्हांस फार मोलाचे वाटते. छायाचित्र हा आपल्या काळाचा साक्षीदार. तो खोटे बोलत नाही असा आपला भरवसा. वनगडांची रेघ त्या साक्षीदाराची उलटतपासणी घेते. आणि गंमत अशी की छायाचित्र आडवे आले म्हणून ती रेघ कोठे दबकलेली नाही. जशी कुडाच्या उंचसखल पृष्ठावरून बायकांची काडी वळसे घेत जाई, तशी ती झाडांच्या, टेकड्यांच्या कडांवरून वळसे घेत जाते. कोठे कोठे गर्दी मात्र जास्त होते. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असा हव्यास दिसतो, आणि म्हशांच्या चित्रांतील मोकळ्या गेरूची आठवण येते. पण हा दोष भरपूर सांगावयाचे आहे अशा माणसाचा आहे. आमच्या शहरी भिंतींचा दोष याच्या नेमका उलट आहे. तेथे जागा पुष्कळ, आणि सांगावयाचे काहीच नाही.

सांगावयाचे खरोखर काहीच नाही काय? येथे आम्ही टिटवाळ्याकडे वळतो.

डहाणू तालुका २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा तेव्हा निराळा झाला. म्हणजे १९४५ साली टिटवाळा आणि डहाणू ही एकाच जिल्ह्याची दोन टोके होती, एक काळू नदीकाठी, दुसरे समुद्राकडे. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या खटपटीने उंबरगाव-डहाणूकडचे काही थोडे वारलीही तीस आले. त्यांत माह्या धांगडा होता. सावकार-जमीनदारांच्या वेठीची हकीकत त्याने तेथे जमलेल्या शेतकऱ्यांपुढे सांगितली. चार महिन्यांनी, मे महिन्यात, झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही असे ठरले. ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार झाला. त्यात पाच वारली मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली निघालेल्या पुस्तकात लिहिला आहे, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ते असेल.

या वेठीचा सर्वांत क्रूर प्रकार होता लग्नगडी. लग्नासाठी वारल्याने सावकाराकडून थोडे पैसे घ्यावयाचे आणि त्यांच्या फेडीसाठी बायकोसह सावकाराच्या शेतावर राबावयाचे. वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, आणि कर्ज काही फिटावयाचे नाही. सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन साहेबानेही आपल्या अहवालात या प्रकाराची नोंद केली आहे. आता हे ध्यानात घेऊन तो लग्नचौक पुन्हा पाहा. ज्या दिवशी आतल्या अंधाऱ्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पाण्याने पालघट लिहीत होत्या, त्याच लग्नाची दुसरी नोंद सावकाराच्या वहीत शाईने होत होती. एक नोंद पावसाळ्यात धुऊन जाई. दुसरी जात नसे. जे तांदूळ वाटून देवीला आसन केले ते तांदूळ पिकविणारा उद्यापासून गुलाम. वारली चित्रांना ‘निरागस’, ‘आनंदी’, ‘निसर्गाशी एकरूप’ अशी विशेषणे लावण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे ती आम्हांस यासाठी खुपते. ज्या बायकांनी हे चौक लिहिले त्या निरागस नव्हत्या. कर्जाची रक्कम त्यांना पाठ असावी. तरीही त्यांनी चौकाची एक पट्टीदेखील कमी केली नाही.

शकुंतलेच्या गावी हे विसरले जावे, यात एक विचित्र योगायोग आहे. टिटवाळ्यास कण्वाचा आश्रम होता आणि शकुंतलेने गणपतीची स्थापना केली, अशी तेथील आख्यायिका. लग्न लावून विसरलेल्या राजाची ती कथा. देवळाची आठवण पेशव्यांनी ठेवली, भाविकांनी ठेवली. अंगारकीस लोटणारी गर्दी आजही ती ठेवते. १९४५ च्या परिषदेची आठवण ठेवणारी एखादी भिंत मात्र आमच्या पाहण्यात नाही. रंगविलेल्या भिंतींवर वारली नाचताहेत. बोलताना कोठे दिसत नाहीत. त्यांचे टिटवाळ्याला येणे हे नाचण्यासाठी नव्हते.

नगरपालिका, रेल्वे आणि उत्साही तरुण मंडळे यांस भिंती रंगवावयाच्याच असतील, तर आमची सूचना अगदी साधी आहे. साचे बाजूस ठेवावे. डहाणू-तलासरीकडील चित्रकारांस, आणि त्यांत ज्यांना अजून चौक येतो अशा बायकांस, आधी बोलवावे. त्यांच्या दिवसाची मजुरी आणि त्यांचे नाव दोन्ही भिंतीचा खर्च धरतानाच धरावी, शिल्लक उरल्यास नव्हे. त्यांना विषय देऊ नये. भिंत दाखवावी आणि या गावात काय घडले होते ते सांगावे. ऊन लागणाऱ्या उघड्या भिंतीपेक्षा स्थानकाच्या पुलाखालची सावलीतली भिंत द्यावी, कारण ही रेघ अंधारात जगते. तैलरंगाचा आग्रह धरू नये. गेरू आणि तांदूळ दोन पावसाळ्यांत जातील, तर जावोत. पुन्हा बोलवावे लागेल. आणि पुन्हा येताना त्या बायकांसोबत त्यांच्या मुलीही येतील, त्यांच्याही हाती काडी असेल, त्यांच्या गाडीभाड्याचीही तरतूद आधीच केलेली असावी.